ब्रेथ अ‍ॅनालायझर शून्य दाखवतो आणि चालक तर नशेत दिसतोय: पोलिसांच्या डीआरई प्रशिक्षणाबद्दल

वळणरस्ता:

दारू पिऊन गाडी चालवणारा सापडला की पुढचं बरंचसं काम यंत्र करतं. नळीत फुंकायला सांगायचं, आकडा बघायचा, मर्यादेच्या वर असेल तर कारवाई. पण समजा गाडी या कडेपासून त्या कडेपर्यंत जात होती, चालकाला खाली उतरवलं तर त्याला धड उभं राहता येत नाही, जीभ जड झालीय, आणि यंत्रावर आकडा शून्य. मग काय करायचं? किल्ली परत त्याच्या हातात द्यायची?

१९७० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या पोलिसांपुढे हा प्रश्न वारंवार येत होता. दारूच्या संशयावरून पकडलेल्यांपैकी काहींच्या शरीरात दारू नव्हतीच किंवा अगदी नावापुरती होती. दुसरं काहीतरी घेतलंय हे दिसत होतं, पण नेमकं काय हे सांगता येत नव्हतं आणि सिद्ध तर मुळीच करता येत नव्हतं. शेवटी दोन सार्जंटनी, एक वाहतूक शाखेतला आणि दुसरा अंमली पदार्थांच्या शाखेतला, डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञांना सोबत घेऊन तपासणीची एक ठरावीक पद्धत बसवली. १९७९ मध्ये तिथल्या पोलीस खात्याने तिला अधिकृत मान्यता दिली. तोच आजचा ‘ड्रग रेकग्निशन एक्स्पर्ट’ म्हणजे डीआरई कार्यक्रम. अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत तो चालतो, कॅनडातही आहे.

गेले काही महिने मी यावर जमेल तेवढं वाचतोय. सगळ्यात पटलेली गोष्ट ही, की या अधिकाऱ्याला तीन प्रश्नांची उत्तरं त्याच क्रमाने द्यावी लागतात. हा माणूस गाडी चालवण्याच्या अवस्थेत नाही, हे खरं आहे का? तो त्या अवस्थेत नसेल तर कारण आजारपण किंवा इजा आहे की अंमली पदार्थ? आणि पदार्थ असेल तर कुठल्या गटातला? मधला प्रश्न ओलांडल्याशिवाय तिसऱ्याकडे जाताच येत नाही.

तपासणीच्या बारा पायऱ्या आहेत. सगळ्या मोजत बसत नाही, पण ढोबळ क्रम असा: आधी श्वासाची चाचणी, मग ज्याने पकडलं त्या शिपायाशी बोलणं, मग चालकाला तब्येतीचे प्रश्न आणि पहिल्यांदा नाडी. त्यानंतर डोळे. त्यानंतर तोल आणि लक्ष यांच्या चाचण्या. मग रक्तदाब, ताप, पुन्हा नाडी. मग अंधाऱ्या खोलीत डोळ्यांच्या बाहुल्यांचं मोजमाप. हाताचे स्नायू ताठ आहेत की सैल, सुईच्या खुणा आहेत का, तिसऱ्यांदा नाडी. मग चालकाचं म्हणणं, अधिकाऱ्याचं मत आणि सर्वांत शेवटी रक्त किंवा लघवीचा नमुना.

डोळ्यांबद्दल जरा जास्त लिहितो, कारण या प्रशिक्षणाचा जीव तिथे आहे. पेन डोळ्यांसमोर हळूहळू बाजूला नेलं की काही पदार्थ घेतलेल्यांची बुबुळं कडेला जाताना थरथरतात. दारू, झोपेच्या आणि चिंताशामक गोळ्या, हुंगायचे द्रव, पीसीपीसारखे (भूल देणाऱ्या औषधांच्या जातीचे) पदार्थ यांत ही थरथर दिसते. कोकेन, अ‍ॅम्फेटामाइन, एलएसडी, हेरॉइन, गांजा यांत ती अपेक्षित नाही. पेन नाकाकडे आणलं की दोन्ही डोळे आत वळायला हवेत. गांजा घेतलेल्याला बहुतेकदा ते नीट जमत नाही. बाहुल्या तीन वेगवेगळ्या उजेडांत मोजतात: खोलीतला नेहमीचा उजेड, जवळपास पूर्ण अंधार आणि थेट टॉर्च. खोलीच्या उजेडात २.५ ते ५ मिलिमीटर ही सर्वसाधारण व्याप्ती धरलेली आहे. अफूजन्य पदार्थांत बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी होते आणि अंधारातही फारशी उघडत नाही. कोकेनमध्ये उलट, मोठी.

एकूण सात गट: मेंदूचं काम मंदावणारे पदार्थ, उत्तेजक, भ्रम निर्माण करणारे, पीसीपी-केटामाइनसारखे, अफूजन्य वेदनाशामक, हुंगायचे पदार्थ आणि गांजा. प्रत्येक गटासमोर डोळे, नाडी, रक्तदाब, ताप, स्नायू यांचा तक्ता. अफूजन्य असेल तर नाडी, रक्तदाब, ताप तिन्ही खाली. उत्तेजक असेल तर तिन्ही वर.

वर्गातलं शिक्षण ७२ तासांचं: १६ तास तयारी, ५६ तास मुख्य अभ्यासक्रम. त्याआधी दारूच्या शारीरिक चाचण्यांचं प्रशिक्षण झालेलं असावं लागतं. वर्गानंतर खऱ्या माणसांवर किमान १२ तपासण्या, त्यातल्या सहा तरी स्वतः केलेल्या. सातपैकी किमान तीन गट ओळखलेले हवेत, आणि प्रयोगशाळेने ७५ टक्के वेळा तरी दुजोरा दिलेला हवा. मगच प्रमाणपत्र, तेही दोन वर्षांचं.

मला हे प्रशिक्षण फार मोलाचं वाटतं. तुमची मतं वाचायला आवडतील, विरोधी असली तरी.

गवतफूल:

चांगला विषय. मी इमर्जन्सीत काम करते, त्यामुळे मधल्या प्रश्नाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

रक्तातली साखर खूप खाली गेलेला मधुमेही पाहिला आहे का कुणी? घामाघूम, हात थरथरताहेत, बोलणं असंबद्ध, कधी अंगावर धावून येतो. पाहणाऱ्याला वाटतं, तर्र आहे. पक्षाघाताची सुरुवात, अपस्माराचा झटका येऊन गेल्यानंतरची अर्धवट शुद्ध, डोक्याला मार लागून आत होत असलेला रक्तस्राव, या सगळ्यांत माणूस नशेत असल्यासारखा दिसू शकतो. अशा रुग्णाला कोठडीत ‘उतरेल सकाळपर्यंत’ म्हणून झोपवलं, तर सकाळ होईपर्यंत उशीर झालेला असतो.

म्हणून या पद्धतीत दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का आणि दोन्ही डोळे एकत्र फिरतात का हे अगदी सुरुवातीला बघतात, ते मला योग्य वाटतं. एक बाहुली मोठी आणि एक लहान असेल तर पुढच्या चाचण्या विसरा, रुग्णवाहिका बोलवा. तीनदा नाडी बघण्यालाही अर्थ आहे. पहिल्या वेळी माणूस घाबरलेला असतो, नाडी पळणारच. अर्ध्या-पाऊण तासाने ती खाली आली तर ती भीती होती. तिसऱ्यांदाही तशीच असेल तर कारण वेगळं शोधायचं.

एकच खटकतं. ७२ तासांत माणूस ही लक्षणं पाठ करू शकतो, पण आजाराची शंका यायला आजारी माणसं पाहिलेली असावी लागतात. प्रात्यक्षिकासाठी त्यांना नशा केलेली माणसं दाखवतात. साखर उतरलेला माणूस दाखवतात का?

तिसराडोळा:

धागा माहितीपूर्ण आहे, पण चित्र फारच उजळ रंगवलंय.

बारा पायऱ्या नीट बघा. दुसऱ्या पायरीवर अधिकारी पकडणाऱ्या शिपायाशी बोलतो. म्हणजे ‘गाडीत पाकीट सापडलं’, ‘गांजाचा वास येत होता’ हे त्याला डोळे तपासण्याआधीच कळलेलं असतं. दहाव्या पायरीवर चालक स्वतः सांगतो की काय घेतलं. मग अकराव्या पायरीवर मत द्यायचं. हे मत बाहुल्यांवरून आलं की पाकिटावरून, हे कसं ठरवणार?

१९८५ साली लॉस एंजेलिसमध्ये १७३ संशयितांवर झालेल्या अभ्यासाचा दाखला नेहमी दिला जातो. अधिकाऱ्याने ‘दारूशिवाय दुसरं काहीतरी आहे’ म्हटलं तिथे ९४ टक्के वेळा रक्तात काहीतरी सापडलं. आकडा भारदस्त आहे. पण ते सगळे आधीच पकडलेले, आधीच संशयित लोक होते. त्यात निर्दोष माणसं मिसळलेलीच नव्हती, तर निर्दोष माणूस ओळखता येतो का हे त्यातून कसं कळणार? शिवाय सगळे पदार्थ अचूक सांगता आले ते साधारण निम्म्यांच्याच बाबतीत.

आता उलट बाजूचा अभ्यास. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी १८४ जणांना सिगारेट ओढायला दिली. काहींच्या सिगारेटमध्ये टीएचसी, म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक, होतं, काहींच्यात नव्हतं. कुणाला काय मिळालं हे तपासणाऱ्या अधिकाऱ्यांना माहीत नव्हतं, आणि ते याच कार्यक्रमाचे प्रमाणपत्रधारक होते. ओढल्यानंतर सुमारे सत्तर मिनिटांनी टीएचसी घेतलेल्यांपैकी ८१ टक्के लोक शारीरिक चाचण्यांत नापास ठरले. आणि टीएचसी न घेतलेल्यांपैकी? ४९.२ टक्के. जवळजवळ निम्मे. रस्त्यावर असते तर ही माणसं कुठे गेली असती?

परीक्षानळी:

तिसराडोळा यांनी सांगितलेला अभ्यास खरा आहे, आणि तो गंभीरपणे घ्यायलाच हवा. फक्त एक जोडतो. त्या अधिकाऱ्यांनी केलेल्या चाचण्या शारीरिक होत्या: सरळ रेषेत चालणं, एका पायावर उभं राहणं वगैरे. नाडी, रक्तदाब, रक्ताचा नमुना अशी बाराच्या बारा पायऱ्यांची पूर्ण तपासणी ती नव्हती. त्यामुळे त्यातून निघतं ते असं, की शारीरिक चाचण्या एकट्या पुरत नाहीत. पूर्ण पद्धत निकामी आहे असं त्यातून निघत नाही. अर्थात प्रयोगशाळेत पदार्थ देऊन पूर्ण पद्धत तपासली, तेव्हाही काही अभ्यासांत मत आणि नमुना निम्म्याहून कमी वेळा जुळले, हेही लपवायचं कारण नाही.

पण मग ‘सरळ रक्त तपासा की’ असं जे सगळे म्हणतात, त्यांच्यासाठी प्रयोगशाळेतल्या माणसाची बाजू.

दारूचं गणित त्या मानाने सोपं आहे. रक्तातलं प्रमाण वाढलं की अंमल वाढतो, आणि ते ठरावीक गतीने उतरतं. टीएचसीचं तसं नाही. गांजा ओढला की रक्तातलं प्रमाण काही मिनिटांत शिखरावर जातं आणि पहिल्या तासाभरातच झपाट्याने कोसळतं. अंमल मात्र त्यानंतरही टिकतो. म्हणजे पकडून, कागदपत्रं करून, दवाखान्यात नेऊन रक्त काढेपर्यंत आकडा लहान झालेला असतो, आणि गाडी चालवताना तो काय होता हे मागे जाऊन काढायची खात्रीची रीत नाही. खाण्यातून घेतलं तर अंमल उशिरा चढतो आणि रक्तातला आकडा तुलनेने लहानच राहतो. उलट, रोज घेणाऱ्याच्या रक्तात शेवटच्या झुरक्यानंतर कित्येक दिवस थोडं टीएचसी सापडू शकतं, कारण ते चरबीत साठतं आणि हळूहळू बाहेर येतं. लघवीत तर त्याचा निकामी झालेला अवशेष आठवडेच्या आठवडे दिसतो. लघवीचा अहवाल ‘पॉझिटिव्ह’ आला याचा गाडी चालवताना काय अवस्था होती याच्याशी फारच थोडा संबंध.

म्हणूनच कायदे करणाऱ्यांनाही एक आकडा सापडत नाहीये. वॉशिंग्टन राज्यात मतदारांनी २०१२ मध्ये दर मिलिलिटर रक्तात टीएचसीची ५ नॅनोग्रॅमची मर्यादा मंजूर केली. इंग्लंड-वेल्समध्ये २ मार्च २०१५ पासून ती २ आहे. कॅनडात २ पासून पुढे एक गुन्हा, ५ पासून पुढे जास्त गंभीर, आणि सोबत दारू असेल तर वेगळी मर्यादा. जर्मनीने २०२४ मध्ये १ वरून ३.५ केली, तीही अख्ख्या रक्तातली नव्हे तर सीरममधली, म्हणजे रक्तपेशी वगळून उरणाऱ्या द्रवातली. रेणू तोच, मेंदू तोच, आणि आकडे इतके वेगळे. हे आकडे ‘इतकं असेल तर गाडी चालवता येत नाही’ असं सांगत नाहीत. ‘इतकं असेल तर शिक्षा करू’ एवढंच सांगतात.

म्हणून माणसाची अवस्था बघणारा माणूस लागतो. त्याला पर्याय आमच्या यंत्रांत आजतरी नाही.

सांजवेळ:

वाचतेय. एक साधा प्रश्न. लाळेची चाचणी असते ना? ती रस्त्यावरच होते असं ऐकलं होतं. मग अंधारी खोली, बाहुल्या वगैरे कशाला?

परीक्षानळी:

सांजवेळ, प्रश्न रास्त आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने डिसेंबर २००४ पासून रस्त्यावर कुणालाही थांबवून लाळ तपासायला सुरुवात केली. आधी टीएचसी आणि मेथअ‍ॅम्फेटामाइन, नंतर एमडीएमए (एक्स्टसी). कॅनडानेही गांजा कायदेशीर होण्याच्या तोंडावर, ऑगस्ट २०१८ मध्ये, लाळ तपासणाऱ्या यंत्राला मान्यता दिली. चाचणीला काही मिनिटं लागतात, आणि लाळेतलं टीएचसी लघवीतल्या अवशेषांपेक्षा अलीकडचा वापर बरंच चांगलं दाखवतं. धाक म्हणून तिचा उपयोग मोठा आहे.

पण ती ‘आहे की नाही’ सांगते, ‘चालवू शकतो की नाही’ सांगत नाही. आणि ज्या पदार्थांसाठी पट्टी बनवलीय तेवढेच सापडतात. प्रयोगशाळांना नव्या कृत्रिम पदार्थांचा पाठलाग करावा लागतो, पट्ट्या तर आणखी मागे. बाहुली मात्र नवा रेणू असो की जुना, अफूसारखा परिणाम करणारा असेल तर आकसतेच.

कलमबहाद्दर:

वकिलीच्या बाजूने थोडं. न्यायालयांनी हा विषय बराच चघळलाय.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये बिंगली खटल्यात सांगितलं, की या अधिकाऱ्याचं मत पुराव्यात घेण्यासाठी प्रत्येक खटल्यात त्याची तज्ज्ञता वेगळी सिद्ध करत बसायला नको, कारण कायद्यानेच त्याला ते काम दिलंय. मात्र ते मत म्हणजे निकाल नव्हे. गाडी चालवण्याची क्षमता खरंच बिघडली होती का, हे न्यायाधीशच ठरवणार.

न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने ओलेनोव्स्की खटल्यात याहून खोलात जाऊन विचार केला. एका निवृत्त न्यायाधीशापुढे विज्ञानाची प्रदीर्घ सुनावणी झाली, दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ आले. नोव्हेंबर २०२३ मध्ये निर्णय आला. पुरावा ग्राह्य, पण अटींवर. अधिकाऱ्याने ‘लक्षणं अमुक गटातल्या पदार्थाच्या सेवनाशी सुसंगत आहेत’ इतकंच म्हणायचं, ‘त्यामुळेच हे झालं’ असं म्हणायचं नाही. सरकारने रक्त किंवा लघवीचा अहवाल मिळवण्याचा वाजवी प्रयत्न केलेला असला पाहिजे. बचाव पक्षाला मताची उलटतपासणी करायची पूर्ण मुभा.

माझ्या मते या वादातला सर्वांत शहाणपणाचा मजकूर तोच आहे. ‘सुसंगत’ आणि ‘कारण’ यांत एका माणसाच्या परवान्याचं, नोकरीचं, कधी तुरुंगवासाचं अंतर असतं.

अवांतर: अमेरिकेत २०१६ च्या बर्चफील्ड निकालानंतर अटकेच्या वेळी श्वासाची चाचणी वॉरंटशिवाय घेता येते, पण रक्तासाठी सहसा वॉरंट लागतं. श्वासाच्या यंत्रात गांजा किंवा गोळ्या दिसत नाहीत, म्हणजे या प्रकरणांत वॉरंटच्या मागे वेळ जातो. आणि वर परीक्षानळींनी सांगितलंच आहे की त्या वेळात आकडा कोसळतो.

वळणरस्ता:

सगळ्यांचे आभार. एवढे अभ्यासू प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

तिसराडोळा, दुसऱ्या पायरीबद्दलची तुमची शंका मला अडचणीत टाकते. पण तो संवाद पूर्ण काढून टाकला तर अपघात झाला होता का, डोकं कुठे आपटलं का, पकडल्यावर काही वेळ बेशुद्ध होता का, हेही कळणार नाही. गवतफूलताईंनी सांगितलेला आजारी माणूस नेमका तिथेच निसटेल. वैद्यकीय माहिती आधी द्यायची आणि ‘पाकीट सापडलं’ ही माहिती मत लिहून झाल्यावर, असं केलं तर? प्रयोगशाळांत असं पडद्याआड ठेवतात ना?

मिश्र सेवनाबद्दल लिहायचं राहिलं होतं. रस्त्यावर सापडणारे पुष्कळ लोक एकच पदार्थ घेतलेले नसतात. प्रशिक्षणात यासाठी वेगळा भाग आहे. दोन पदार्थ एकाच दिशेने ओढत असतील, जसे गांजा आणि कोकेन दोन्ही नाडी वाढवतात, तर नाडी आणखी वाढते. विरुद्ध दिशांना ओढत असतील, म्हणजे हेरॉइन बाहुली आकसतं आणि कोकेन ताणतं, तर बाहुली लहान, मोठी किंवा अगदी नेहमीसारखीही असू शकते. बुबुळाची थरथर एकात असते आणि दुसऱ्यात नसते, तर एकत्र घेतल्यावर असते. आणि दोघांतही ती नसेल तर एकत्र घेतल्यावरही येत नाही. त्यात उत्तेजकांचा अंमल उतरताना माणूस गळून जातो, डोळे मिटतात, बोलणं मंद होतं. वरवर बघणाऱ्याला तो झोपेच्या गोळ्या घेतल्यासारखा वाटतो. तक्ता पाठ करून इथे भागत नाही, तर्क लावावा लागतो.

तिसराडोळा:

वैद्यकीय माहिती आधी, बाकीची नंतर. ही सूचना मला मान्य आहे. खरं तर इतकी साधी गोष्ट इतक्या वर्षांत नियमात का आली नाही, हाच माझा प्रश्न.

दुसरा मुद्दा ७५ टक्क्यांचा. प्रशिक्षणार्थीला बारा तपासण्या करायच्या असतात आणि त्यांत वेगवेगळे गट यायला हवे असतात. मग तो अशी माणसं शोधतो जी नशेत असणारच. असा सराव करून बाहेर पडलेल्या माणसाला शुद्धीतल्या माणसाची नाडी आणि तोल किती निरनिराळे असतात याचा अंदाज कुठून येणार? माझ्या ओळखीत धडधाकट, निर्व्यसनी, साठीच्या पुढची माणसं आहेत ज्यांना एका पायावर दहा सेकंद उभं राहता येत नाही.

आणि सरावासाठी माणसं मिळवण्याचा दबाव कुठपर्यंत जातो तेही पाहा. २०१२ मध्ये मिनेसोटात, प्रशिक्षणासाठी अधिकाऱ्यांनीच आंदोलनातल्या तरुणांना गांजा दिला असे आरोप झाले आणि तिथला कार्यक्रम काही काळ थांबवावा लागला.

गवतफूल:

एका पायाच्या चाचणीबद्दल तिसराडोळा यांच्याशी सहमत. गुडघा बदललेला, मणक्याचा त्रास असलेला, कानाच्या आतल्या भागाचा तोल बिघडलेला, खूप स्थूल असलेला, नुसता थकलेला माणूस, या सगळ्यांना ती जड जाते. प्रशिक्षणात वय, वजन, पाय-पाठीचे त्रास विचारायला शिकवतात हे खरं, पण रात्री दोन वाजता भर रस्त्यावर ते किती मनापासून विचारलं जातं, यावर सगळं अवलंबून.

त्यापेक्षा मला डोळे मिटून मनात तीस सेकंद मोजायची चाचणी जास्त बोलकी वाटते. मान मागे टाकून उभं राहायचं, तीस सेकंद झाले असं वाटलं की सांगायचं. पंचवीस ते पस्तीस सेकंदांच्या दरम्यान सांगितलं तर ठीक धरतात. उत्तेजक घेतलेला माणूस पंधरा-सोळाव्या सेकंदालाच ‘झाले’ म्हणू शकतो, झोपेच्या गोळ्यांच्या अंमलाखालचा पन्नास सेकंद झाले तरी उभाच. आतलं घड्याळच पुढे किंवा मागे गेलेलं असतं. यात गुडघ्याचा संबंध नाही.

दर्यावर्दी:

आतापर्यंत फक्त वाचत होतो. नोकरीनिमित्त अमेरिकेत असताना पोलिसांच्या एका सराव सत्रात स्वयंसेवक म्हणून गेलो होतो, म्हणून लिहितो. ते सत्र दारूचं होतं, या प्रशिक्षणाच्या आधीच्या टप्प्यातलं. आम्हाला देखरेखीखाली मोजून दारू दिली, काहींना कमी, काहींना जास्त, आणि मग प्रशिक्षणार्थींनी एकेकाच्या चाचण्या घेतल्या. कुणी किती घेतली हे त्यांना सांगितलेलं नव्हतं.

माझ्यापर्यंत आलेली मुलगी फार नवखी होती. नऊ पावलं टाच-बोट जोडत जायची, वळायची, नऊ पावलं परत. तिने सूचना देताना एक वाक्य गाळलं, तर प्रशिक्षकाने तिला थांबवून पहिल्यापासून सांगायला लावलं. ‘सूचना अर्धी दिलीस तर चूक त्याची की तुझी, कुणालाच सांगता येणार नाही,’ असं तो म्हणाला. मला ते फार पटलं. तिसराडोळा यांचा आक्षेप समजतो, पण आम्हा स्वयंसेवकांत जवळजवळ न प्यायलेलेही होते आणि त्यांना ‘ठीक आहे’ म्हणणं हाही सरावाचाच भाग होता. पदार्थांच्या बाबतीत असं करता येत नाही हीच अडचण असावी. दारू मोजून पाजता येते, हेरॉइन कोण कुणाला देणार?

सांजवेळ:

मगाशी विचारायचं होतं ते आता विचारते. माझी आई डॉक्टरांनी दिलेली झोपेची गोळी घेते आणि सकाळी गाडी चालवून कामाला जाते. तिने आयुष्यात कधी दारूला हात लावलेला नाही. तिलाही असं थांबवून तपासू शकतात?

गवतफूल:

सांजवेळ, हो, आणि तपासायला हवं, जरी हे ऐकायला कठोर वाटलं तरी. झोपेच्या गोळ्या आणि चिंतेच्या गोळ्या याच पद्धतीतल्या पहिल्या गटात येतात. औषध कुणी लिहून दिलं हे मेंदूला कळत नाही.

आईंना घाबरवायचं नाहीये, पण एक ठोस गोष्ट सांगते. २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने झोलपिडेम या झोपेच्या गोळीचा स्त्रियांसाठीचा शिफारस केलेला डोस निम्मा केला, १० मिलिग्रॅमवरून ५. कारण नेमकं हेच. स्त्रियांच्या शरीरातून हे औषध सावकाश बाहेर पडतं आणि सकाळी उठल्यावर, पूर्ण जागं वाटत असतानाही, गाडी चालवण्याइतकी सावधता नसते. सर्दीवर दिल्या जाणाऱ्या काही जुन्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांचंही असंच.

गोळीचं नाव, डोस आणि रात्री किती वाजता घेते हे लिहून आईला डॉक्टरांकडे न्या आणि सरळ विचारा, ‘सकाळी गाडी चालवली तर चालेल का?’ गोळी स्वतःहून अचानक बंद करू नका, त्याने वेगळा त्रास होतो.

कलमबहाद्दर:

याला जोडून, इंग्लंड-वेल्सच्या कायद्यात रक्तातल्या मर्यादेच्या गुन्ह्यासाठी असा बचाव ठेवलेला आहे: औषध डॉक्टरांनी लिहून दिलेलं आणि सांगितल्याप्रमाणे घेतलेलं असेल, तर फक्त आकडा ओलांडला म्हणून दोष येत नाही. मात्र चालवण्याची क्षमताच बिघडलेली असेल तर तो वेगळा गुन्हा आहे आणि तिथे चिठ्ठी उपयोगी पडत नाही. म्हणजे तिथेही फिरून प्रश्न माणसाच्या अवस्थेवरच येतो.

वळणरस्ता:

तिसराडोळा, शुद्धीतल्या माणसांच्या सरावाबद्दल तुमचं म्हणणं मी दोन दिवस डोक्यात घोळवत होतो. दर्यावर्दींनी लिहिलं तसं पदार्थ देता येत नाही, पण काहीच न घेतलेली माणसं तर आणता येतात. बारा तपासण्यांच्या बरोबरीने तितक्याच तपासण्या थकलेल्या, घाबरलेल्या, वयस्क, मधुमेही पण शुद्धीतल्या स्वयंसेवकांच्या करायच्या, कोण कोणता हे न सांगता, आणि त्यांतले किती जण चुकून नशेत ठरवले हा आकडा प्रमाणपत्राला जोडायचा. मला यात अशक्य असं काही दिसत नाही. गवतफूलताईंचा पहिला प्रश्नही यात सुटतो.

तिसराडोळा:

असं झालं तर माझा निम्मा विरोध मावळेल, हे मनापासून सांगतो. उरलेला निम्मा नोंदींचा आहे. प्रत्येक अधिकाऱ्याला आपल्या सगळ्या तपासण्यांची नोंदवही ठेवावी लागते, एवढं मला वाचून माहीत आहे. त्या वहीत ‘नशा नाही’ आणि ‘आजार’ अशी मतंही लिहिता येतात. एखाद्याच्या वहीत वर्षभरात असं मत एकदाही नसेल, तर त्याच्यासमोर आलेला प्रत्येक माणूस नशेत होता असं मानायचं का?

कलमबहाद्दर:

उलटतपासणीत मी पहिली मागणी त्या वहीचीच करेन. एका खटल्यापुरतं पान नाही, पूर्ण वही, शेजारी प्रयोगशाळेचे निकाल लावून, आणि निकाल न आलेली पानंही त्यातच. चांगल्या अधिकाऱ्याची बाजू त्याने भक्कमच होते. ज्याने दहातल्या दोघांना सोडून दिलंय आणि एकाला रुग्णालयात पाठवलंय, त्याच्या उरलेल्या सात मतांवर मी वकील म्हणून फार प्रश्न विचारू शकणार नाही. तपासणीचं पूर्ण चित्रीकरणही हवं, विशेषतः डोळ्यांच्या चाचणीचं. बुबुळ थरथरलं की नाही हे आज बहुतेक ठिकाणी एकट्या अधिकाऱ्याच्या शब्दावर मान्य करावं लागतं. जवळून घेतलेलं चित्रण असेल तर बचाव पक्षाचा डॉक्टरही ते पाहू शकेल.

गवतफूल:

चित्रणाला पाठिंबा. आमच्याकडे चक्कर येणाऱ्या रुग्णांची बुबुळाची थरथर नोंदवायला कॅमेरा लावलेले चष्मे वापरतात, त्यामुळे हे तंत्र काही नवं नाही. एक काळजी घ्यावी लागेल: काही माणसांना ही थरथर जन्मजात असते, आणि काहींना अपस्माराच्या औषधांनी येते. म्हणून चित्रणासोबत ‘कुठली औषधं चालू आहेत’ याचं उत्तरही त्याच नोंदीत हवं, चालकाच्या स्वतःच्या शब्दांत.